शृंगी बेडूक : संगोपन आणि दीर्घायुष्य

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त जपानमध्ये राहतो. गेल्या वर्षी त्याचे पत्र आले, त्यासोबत एका बेडकाचे छायाचित्र होते. पिवळ्या-नारिंगी अंगाचा, मुठीएवढा, अर्धा मातीत रुतलेला तो बेडूक चार वर्षे त्याच्या खोलीतला एकमेव सोबती होता आणि नुकताच मेला होता. पत्राच्या शेवटी त्याने विचारले होते, "सर, याला खायला मी कधीही काही कमी पडू दिले नाही. मग माझे चुकले कुठे?" तेथील पशुवैद्याने तपासणी केली तेव्हा बेडकाच्या पोटात चरबीचे जाड थर आढळले होते. म्हणजे प्रश्नाचे उत्तर प्रश्नातच होते, परंतु ते दोन ओळींत कळवून भागणारे नव्हते. योग्य निगेत दहा ते पंधरा वर्षे जगू शकणारा प्राणी चार वर्षांत का गेला, हे समजून घ्यायचे तर तो मुळात कोण, कोठला आणि त्याच्या गरजा कोणत्या, येथून सुरुवात करावी लागते. त्या विद्यार्थ्याला लिहिलेले उत्तरच विस्ताराने या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवत आहोत. आमचे अनेक माजी विद्यार्थी आज परदेशांत आहेत, आणि पालकांच्या घरी मुले नवनव्या प्राण्यांचा हट्ट धरीत आहेत. म्हणून हा पाठ केवळ एका बेडकापुरता राहू नये, अशी आमची इच्छा आहे.

मूळ स्थान आणि स्वभाव

शृंगी बेडकांच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव 'सेराटोफ्रिस' असे आहे. ग्रीक भाषेतील 'शिंग' आणि 'भुवई' या दोन शब्दांपासून ते बनले. डोळ्यांवरच्या पापणीची कातडी टोकदार होऊन वर आलेली असते, तेच याचे शिंग. ते मऊ असते आणि त्याने कोणाला इजा होत नाही. पालापाचोळ्यात बसलेल्या बेडकाच्या शरीराची बाह्यरेषा या टोकांमुळे मोडली जाते आणि तो नजरेस पडत नाही, हाच त्याचा उपयोग.

हे सर्व बेडूक दक्षिण अमेरिकेतील आहेत. पाळीव म्हणून मुख्यतः दोन जाती आढळतात. पहिली 'सेराटोफ्रिस क्रॅनवेली'. अर्जेंटिना, पॅराग्वे, बोलिव्हिया आणि ब्राझील या देशांत पसरलेल्या ग्रान चाको या उष्ण व कोरड्या प्रदेशातील ही जात १९८० साली शास्त्राला वेगळी म्हणून ज्ञात झाली. दुसरी 'सेराटोफ्रिस ऑर्नाटा', अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलमधील पाम्पास गवताळ मैदानांतील. चार्ल्स डार्विन यांच्या 'बीगल' जहाजावरील सफरीत जमा झालेल्या प्राण्यांचे वर्णन करताना थॉमस बेल यांनी १८४३ साली तिची नोंद केली. अर्जेंटिनात या बेडकाला 'एस्कुएर्सो' म्हणतात. त्याच्या चाव्याने घोडासुद्धा मरतो, अशी तिकडच्या खेड्यांत जुनी समजूत आहे. ती खरी नाही, हा बेडूक विषारी चावा घेत नाही. परंतु आपल्याकडे निरुपद्रवी सापांच्या वाट्याला जे येते, तेच तिकडे याच्याही वाट्याला येते.

चाको प्रदेशात वर्षाचे सरळ दोन भाग पडतात, पावसाचा आणि कोरडा. पावसात खाणे, वाढणे आणि अंडी घालणे उरकून घ्यायचे आणि कोरड्या काळात जमिनीखाली निपचित पडून राहायचे, हा या बेडकाचा जीवनक्रम. तो भक्ष्याच्या मागे धावत नाही. मागील पायांनी माती उकरत स्वतःला पुरून घेतो, डोळे आणि तोंड तेवढे वर ठेवतो आणि समोरून काही सरकले की झडप घालतो. जर्मनीतील कील विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिले की, याच्या जिभेचा चिकटण्याचा जोर त्याच्या स्वतःच्या वजनाहूनही अधिक भरतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात साडेचार सेंटिमीटर रुंद डोक्याच्या बेडकाच्या चाव्याचे बल सुमारे ३० न्यूटन, म्हणजे तीन किलो वजनाच्या भाराइतके आढळले. तोंडात मावेल ते गिळणे हा त्याचा धर्म आहे. 'पॅकमॅन' या जपानी व्हिडिओ खेळातील तोंड उघडून फिरणाऱ्या आकृतीवरून त्याला पडलेले टोपणनाव त्यामुळेच जगभर रूढ झाले.

पुढील सर्व नियम या स्वभावातूनच निघतात. कमी हालचाल, मोठी भूक, ओल्या मातीत पुरून घेण्याची गरज आणि एकट्याने राहण्याची वृत्ती, या चार गोष्टी ध्यानात ठेवल्या की निगेचा अर्धा भाग आपोआप कळतो.

रंगांचे रहस्य

मूळ रानातील बेडूक हिरवा-तपकिरी आणि ठिपक्यांचा असतो. बेडकाच्या कातडीतील हिरवा रंग सहसा एकाच रंगद्रव्याचा नसतो. वर पिवळ्या रंगद्रव्याच्या पेशी, त्यांखाली प्रकाश परतवणाऱ्या पेशी आणि तळाशी काळ्या रंगद्रव्याच्या पेशी अशा तीन थरांच्या मेळातून तो दिसतो. यातील काळा थर आनुवंशिक कारणाने नसला की उरतो पिवळा-नारिंगी रंग आणि तांबूस डोळे. यालाच वर्णहीन किंवा 'अल्बिनो' बेडूक म्हणतात. अशा वेगळ्या रंगाच्या बेडकांची निवड करून पिढ्यानुपिढ्या पैदास केल्यामुळे आज पिवळे, गुलाबी, पुदिन्याच्या रंगाचे, निळसर असे कितीतरी प्रकार दुकानांत दिसतात.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. रंग झगमगीत असणे हे आरोग्याचे लक्षण नव्हे. आणि ज्यांच्या डोळ्यांत काळे रंगद्रव्य नाही, त्यांना तीव्र प्रकाश सोसत नाही. त्यांची पेटी मंद उजेडात ठेवावी आणि आत सावलीची जागा अधिक असावी.

राहण्याची जागा

पूर्ण वाढलेल्या एका बेडकाला सुमारे ४० लिटर मापाची काचपेटी पुरते. मादी १२ सेंटिमीटरच्या पुढे वाढते, नर त्याहून लहान राहतो. फार मोठ्या जागेची त्याला गरज नसते, परंतु ती जागा त्याच्या एकट्याची असली पाहिजे. सोबत म्हणून दुसरा बेडूक ठेवणे ही दया नव्हे, कारण दोघांतील एक दुसऱ्याला गिळण्याचा प्रयत्न करील. या जातीचे भैकेर, म्हणजे बेडूकमासेसुद्धा मांसाहारी असतात आणि एकमेकांना खातात.

पेटीत नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, किमान सात-आठ सेंटिमीटर जाडीने पसरावा. तो मुठीत दाबला असता गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, एवढा ओला असावा. वर सुकी पाने आणि थोडे शेवाळ असावे. खडी, वाळू किंवा झाडाच्या सालीचे तुकडे टाळावेत. भक्ष्यावर झडप घालताना बेडूक तळाचा मालही तोंडात घेतो. भुशाचे कण बहुधा निघून जातात, खडा मात्र आतड्यात अडकतो आणि जिवावर बेततो.

तापमान दिवसा २४ ते २८ अंश सेल्सिअस असावे. रात्री दोन-तीन अंशांनी उतरले तरी चालते, परंतु ३० अंशांवर जाऊ देऊ नये. थंड देशांत उष्णता देणारी गादी वापरतात. ती पेटीच्या तळाखाली न लावता बाजूच्या काचेवर लावावी. उष्णता नकोशी झाली की हा बेडूक खाली पुरून घेतो. तळच तापलेला असेल तर तो सुटकेसाठी जितका खोल जाईल तितका अधिक भाजेल. गादीला थर्मोस्टॅट हवाच. हवेतील आर्द्रता ६० ते ८० टक्के राहावी, मात्र वायुवीजनासाठी जाळीचे झाकण असावे. कोंदट पेटीत बुरशी वाढते. दिवसाचे बारा तास मंद प्रकाश आणि बारा तास अंधार ठेवावा.

पाणी : कातडीतून पिणारा प्राणी

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाखालच्या व मांड्यांच्या कातडीतून तो ते शोषून घेतो. त्यामुळे पाण्यात जे असेल ते थेट त्याच्या रक्तात जाते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माणसाला सोसतो, बेडकाला सोसत नाही. पाणी उघड्या भांड्यात चोवीस तास ठेवल्यास क्लोरीन उडून जातो. मात्र काही शहरांत क्लोरामीन वापरतात, ते असे उडत नाही. तेथे मत्स्यालयासाठी मिळणारे पाणी शुद्ध करणारे द्रावण वापरावे. ऊर्ध्वपातित पाण्यात क्षार नसल्याने तेही योग्य नाही.

पाण्याचे भांडे उथळ असावे आणि बेडूक बसला असता पाणी त्याच्या हनुवटीच्या वर जाऊ नये. हा बेडूक असला तरी पोहण्यात कच्चा आहे, खोल पाण्यात तो बुडूही शकतो. पाणी रोज बदलावे. विष्ठा दिसताच काढावी आणि सर्व भुसा साधारण महिन्याला बदलावा. विष्ठा-मूत्रातून तयार होणारा अमोनिया ओल्या भुशात साचतो आणि कातडीतून पुन्हा शरीरात जातो. एरवी शांत बसणारा बेडूक अचानक अस्वस्थ होऊन उड्या मारू लागला, पाय ताणू लागला, तर तो 'खेळकर' झाला असे समजू नये. बहुधा तो आपल्याच घाणीच्या विषाने तळमळत असतो. अशा वेळी त्याला तत्काळ स्वच्छ, क्लोरीनरहित उथळ पाण्यात ठेवावे, पाणी वारंवार बदलावे आणि पेटीतील सारा भुसा टाकून द्यावा.

आहार : प्रेमाची खरी परीक्षा

आमच्या विद्यार्थ्याची चूक येथे झाली. या बेडकाला 'पुरे' हा शब्द ठाऊक नाही. रानात पुढचे भक्ष्य कधी मिळेल याची शाश्वती नसते, म्हणून समोर आलेले सोडायचे नाही, हा त्याच्या जातीचा लाखो वर्षांचा शहाणपणा आहे. काचपेटीत मात्र तोच शहाणपणा घातक ठरतो. पाळणाऱ्याला वाटते, तो मागतो आहे. वास्तविक तो मागत नसतो. समोर हललेल्या वस्तूवर झेपावत असतो, मग ती वस्तू आपले बोट का असेना.

लहान, वाढत्या बेडकाला रोज किंवा दिवसाआड खाऊ घालावे. वर्ष-दीड वर्षात तो बहुतेक पूर्ण वाढतो, तसतसे अंतर वाढवीत न्यावे. प्रौढाला सात ते दहा दिवसांतून एकदा खाणे पुरेसे असते. भक्ष्य त्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा रुंद नसावे. गांडुळे, रातकिडे, पैदास केलेली झुरळे आणि रेशीमकिडे हा उत्तम आहार. त्यात गांडुळे सर्वांत पौष्टिक, कारण त्यांतील कॅल्शियमचे प्रमाण किड्यांच्या मानाने चांगले असते. रातकिड्यांत फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो. म्हणून त्यांना देण्याआधी एक-दोन दिवस पालेभाजी, गाजर असे सकस खाद्य खाऊ घालावे आणि देतेवेळी कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाची भुकटी लावावी. अ जीवनसत्त्व असलेली बहुजीवनसत्त्वांची भुकटीही ठरावीक अंतराने लावावी. बागेतील किडे पकडून देऊ नयेत, त्यांच्या अंगावर कीटकनाशक असू शकते.

उंदराची पिले देण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. आमचा विद्यार्थी आठवड्यातून दोनदा ती देत असे. त्यांत चरबी फार असते. फारच क्वचित दिल्यास बिघडत नाही, परंतु ती नेहमीचा आहार झाली की यकृत व इतर अवयवांभोवती चरबी साचते आणि पुष्कळदा डोळ्याच्या बाहुलीवर पांढुरका पडदा धरतो. 'एक डोळा धुरकट झाला होता' असे त्या पत्रात होते. तो चरबीचा इशारा असावा. सोनमाशांसारखे मासे सतत देणेही टाळावे. त्यांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते.

खाऊ घालताना मऊ टोकाचा किंवा लाकडी चिमटा वापरावा. लोखंडी चिमट्यावर झडप घालून जबडा दुखावल्याची उदाहरणे आहेत.

आजारांची ओळख

बेडूक कण्हत नाही, रडत नाही, म्हणून पाहणाऱ्याची नजरच त्याची भाषा झाली पाहिजे. पुढील लक्षणे दिसताच परदेशी प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावे.

जबडा मऊ वा वाकडा होणे, पाय थरथरणे : कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाची उणीव.

जीभ भक्ष्याला न चिकटणे, वारंवार नेम चुकणे : अ जीवनसत्त्वाची उणीव असू शकते.

पोटाखाली व मांड्यांच्या आतील बाजूस लाली : जीवाणूंचा संसर्ग. तो बहुधा अस्वच्छतेतून होतो आणि झपाट्याने वाढतो.

अनेक दिवस शौच न होणे, पोट टणक लागणे : आतड्यातील अडथळा.

कातडी वारंवार व तुकड्यातुकड्यांनी निघणे, सुस्ती : कातडीवरील बुरशीचा संशय घ्यावा.

याउलट, काही गोष्टी भीतीदायक दिसल्या तरी स्वाभाविक असतात. बेडूक अंग आक्रसून, तोंड वासून, उबळ आल्यासारखे करतो तेव्हा बहुधा तो आपली जुनी कातडी काढून गिळत असतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. भुसा कोरडा पडला की हा बेडूक कोरडा ऋतू आला असे समजतो आणि ग्रीष्मनिद्रेत जातो. कातडीचे थर अंगावरच साचून त्यांचे कागदासारखे कोरडे कवच बनते, श्वास मंदावतो, हालचाल थांबते. पाहणाऱ्याला तो मेला असेच वाटते. अशा बेडकाला टाकून देण्यापूर्वी कोमट, क्लोरीनरहित पाण्यात नाकपुड्या वर राहतील असे ठेवून काही तास वाट पाहावी. जिवंत असेल तर कवच मऊ होऊन गळते आणि तो डोळे उघडतो. मात्र ही अवस्था मुद्दाम आणू नये. भुशातील ओलावा कायम ठेवणे हाच उपाय.

हाताळणी

हा पाहण्याचा प्राणी आहे, कुरवाळण्याचा नव्हे. आपल्या हातावरील मीठ, साबण, तेल हे सारे त्याच्या कातडीत शिरते. उचलणे अटळच असेल तर पाण्याने ओले केलेले, भुकटी नसलेले हातमोजे घालावेत. काम झाल्यावर आपले हात साबणाने स्वच्छ धुवावेत, कारण बेडकाच्या अंगावर साल्मोनेला जीवाणू असू शकतात. लहान मुलांना ही सवय प्रथम लावावी.

आणण्यापूर्वी आणि नको झाल्यावर

रानातून पकडलेला बेडूक घेऊ नये, पैदास केंद्रात जन्मलेलाच घ्यावा. भारतात असा परदेशी प्राणी घेण्याआधी त्याची आयात व मालकी कायदेशीर असल्याची कागदोपत्री खात्री करावी. ती होत नसेल तर मोह सोडावा. त्याऐवजी आपल्या शेतातील बेडूक पकडून पेटीत घालणे हा पर्याय मुळीच नाही. पहिल्या पावसात पिवळेधमक होऊन डरावणारे आपले मोठे बेडूक शेतातील किडे खातात. त्यांच्या तंगड्यांची निर्यात भारत सरकारने १९८७ साली बंद केली. ते बांधावरच शोभतात.

पाळलेला बेडूक नकोसा झाला तर तळ्यात सोडणे ही भूतदया नव्हे. कातडीवरील 'कायट्रिड' बुरशीमुळे जगातील किमान ५०१ उभयचर जातींची संख्या घटली आणि त्यांपैकी ९० नामशेष झाल्याचे मानले जाते, असा निष्कर्ष २०१९ साली शास्त्रज्ञांनी मांडला. प्राण्यांचा व्यापार हा तिच्या प्रसाराचा एक मार्ग आहे. बुरशी नसली तरी परका भक्षक स्थानिक जीवांना खातो. आपलाच मोठा बेडूक अंदमान बेटांवर जाऊन पोहोचला आणि आज तेथील मूळच्या बेडकांच्या मुळावर उठला आहे. पेटीतील जुना भुसा व पाणीसुद्धा ओढ्या-नाल्यात टाकू नये.

निगेचे वेळापत्रक

रोज : पाणी बदलणे, विष्ठा काढणे, तापमान व ओलावा पाहणे, बेडकाच्या डोळ्यांवर व पोटाखालच्या भागावर नजर टाकणे.

सात ते दहा दिवसांनी : प्रौढाला खाऊ घालणे आणि काय दिले, किती दिले, हे वहीत लिहिणे.

दर महिन्याला : भुसा बदलणे, स्वयंपाकघरातील काट्यासारख्या वेगळ्या काट्यावर डब्यासह वजन करणे. पूर्ण वाढलेल्या बेडकाचे वजन सतत चढत असेल तर खाणे कमी करावे.

वर्षातून एकदा : पशुवैद्याकडून तपासणी व विष्ठेची जंतपरीक्षा.

वही ठेवण्याचा आमचा आग्रह आहे. माणसाची आठवण मायेने झाकोळते, आकडे झाकोळत नाहीत. आमच्या विद्यार्थ्याने वजन लिहून ठेवले असते तर दुसऱ्याच वर्षी त्याला धोका दिसला असता.

हे उत्तर आम्ही त्याला पाठविले तेव्हा त्याला दोष देण्याचा हेतू नव्हता. परमुलखात एकट्याने राहणारा तरुण, दिवसभराच्या कामानंतर खोलीवर येतो आणि त्याची वाट पाहणारा एकच जीव त्याच्याकडे तोंड वर करून बघतो. त्या तोंडात घास घालावासा वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या वसतिगृहात वाढलेल्या मुलाला तर पोटभर जेवणाचे मोल अधिकच ठाऊक. परंतु ज्याची काळजी घ्यायची, त्याची भूक आपल्या भुकेच्या मापाने मोजता येत नाही. ती त्याच्याच मापाने मोजावी लागते.

काही महिन्यांनी त्याचे दुसरे पत्र आले. त्याने पुन्हा एक बेडूक आणला आहे, या वेळी साधा हिरवा-तपकिरी. पत्रासोबत छायाचित्र नव्हते. वहीच्या पहिल्या पानाची प्रत होती : तारीख, तापमान, वजन, दोन गांडुळे. आणि त्याखाली पुढच्या घासाची तारीख.